रॉस्कोची पावली

ब्रशी फोर्क गावात नाणी टाकून कपडे धुण्याची दुकानं दोन, आणि त्या दोन्हींतल्या मशीनांच्या पेट्या रिकाम्या करणारा माणूस एकच, डेलमार योस्ट. सत्तरी ओलांडली तरी दर सोमवारी तो आपल्या जुन्या पिकअपमधून यायचा, कमरेच्या जुडग्यातली नेमकी किल्ली न बघता काढायचा आणि पेटीतल्या पावल्या कापडी पिशवीत ओतायचा. पावली म्हणजे डॉलरचा चौथा हिस्सा. तिच्याशिवाय आमच्याकडे ना कपडे धुऊन निघत, ना टायरात हवा भरली जात. डेलने लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, पावलीवरचं जॉर्ज वॉशिंग्टनचं तोंड दिवसभर इतकं बघावं लागतं की घरी आणखी एक तोंड बघायची हौस उरत नाही.

दुकानांच्या मालकाशी त्याचा तोंडी करार होता. पेटीत चांदीची पावली निघाली तर डेलने खिशातली साधी पावली तिच्या जागी टाकायची आणि चांदीची आपण ठेवायची. चौसष्ट सालानंतर सरकारने पावलीतली चांदी काढून घेतली, त्यामुळे नव्या नाण्यांच्या कडेला तांब्याची लालसर रेघ दिसते. जुन्यांची कड पांढरी. पिशवीत हात घातला की डेलच्या बोटांनाच चांदीची पावली कळे असं गाव म्हणायचं. ते खोटं होतं. तो सरळ चष्मा लावून बघायचा. पण त्याने कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही, आणि हे लक्षात ठेवायला हवं.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मेथडिस्ट चर्चच्या तळघरात नाणी जमवणाऱ्यांचा क्लब भरे. कॉफी भयंकर, डोनट आदल्या दिवशीचे, आणि डेलचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लोक पुठ्ठ्याच्या नकाशात, सरकारने राज्यागणिक एक अशा काढलेल्या, पन्नास राज्यांच्या पन्नास पावल्या बसवून आणायचे, डोळ्यांत घराच्या कर्जफेडीची स्वप्नं घेऊन. डेल सांगायचा, "यांची किंमत साडेबारा डॉलर. घरी न्या, नातवंडांना द्या." एखाद्याकडे विस्कॉन्सिनची पावली असली तर मात्र भिंग काढायचा. त्या नाण्यावरच्या मक्याच्या कणसाला काहींवर चुकून एक पान जास्त आलंय, आणि त्या पानाला पैसे मिळतात.

एकाच गोष्टीवर तो भडकायचा. नाणं धुणं. जमवणाऱ्यांच्या जगात नाण्यावरचा काळेपणा हे त्याचं आयुष्य असतं. घासलं की ते गेलं आणि नाण्याची किंमतही गेली. फीड स्टोअर, म्हणजे जनावरांच्या खाद्याचं दुकान, चालवणाऱ्या वेन्डेल शूपच्या बायकोने एकदा आजोबांची नाणी दाखवायच्या आधी प्रेमाने टूथपेस्टने घासून आणली, तेव्हा डेल तिला इतकं बोलला की ती बिचारी पर्स विसरून घरी गेली. तेव्हापासून गावात शेंबड्या पोरालाही माहीत, की नाणं धुवायचं नाही, डेल खाऊन टाकेल.

आता डेलच्या दुखण्याकडे येऊ. त्याच्याकडे निळ्या पुठ्ठ्याचा एक अल्बम होता, एका नाण्याला एक भोक. बत्तीस साली वॉशिंग्टनच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून त्याची पहिली पावली निघाली, तिथपासून चांदी संपेपर्यंतची सगळी त्यात होती. फक्त एक भोक रिकामं: बत्तीस सालची डेन्व्हरच्या टांकसाळीतली. ती फार थोडी पाडली गेली. मागच्या बाजूला गरुडाच्या खाली एक बारीक 'डी' असतो, ती तिची खूण. तरुणपणी डेलने महिन्याचा पगार ओतून प्रदर्शनात ती विकत घेतली होती आणि मिरवत क्लबात आणली होती. त्या वेळच्या म्हाताऱ्या अध्यक्षाने भिंगातून पाहिलं, टाय-पिन काढली आणि 'डी'ला हलकेच टोचलं. अक्षर टेबलावर पडलं. साध्या पावलीवर चिकटवलेलं होतं. तळघर कितीतरी वेळ हसत होतं. आमचं गाव एकदा हसायला लागलं की त्याला समोरच्याची दया येत नाही. डेलने त्या दिवशी कानाला खडा लावला, आणि पुढे कुठल्याही बत्तीस सालच्या 'डी'कडे तो खुन्याकडे बघावं तसा बघू लागला.

सप्टेंबरात पर्सिमन नावाच्या फळाच्या जत्रेत क्लबाचं टेबल लागतं. तुमचं नाणं दाखवा, किंमत फुकट सांगतो. त्या वर्षी दुपारी गर्दी भरात असताना आयव्हा लिंडक्विस्ट आली. डेलच्या शाळेतली, त्याच्याच वर्गातली. नवरा रॉस्को जाऊन सहा वर्षं झालेली. तिने रुमालाची घडी उलगडली आणि एक काळपट पावली टेबलावर ठेवली.

"डेल, विकायची नाही मला," ती म्हणाली. "रॉस्को म्हणायचा ही खरी डेन्व्हरची आहे. तू बघून सांग, म्हणजे झालं."

डेलने भिंग लावलं. 'डी' होता. आणि 'डी'च्या भोवती एक बारीक काळी रेघ होती. ती दिसली आणि त्याच्या कानात चाळीस वर्षांपूर्वीचं तळघर हसायला लागलं. आणखी काही बघायची त्याला गरज वाटली नाही. एरवी साध्या नाण्यालाही तो उलटसुलट करून पाच मिनिटं घ्यायचा.

"चिकटवलेलं आहे, आयव्हा. ही बघ डिंकाची रेघ. कुणीतरी रॉस्कोला बनवलं."

इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण शेजारी वेन्डेल शूप दात काढून उभा होता, मागे दहाबारा माणसं होती, आणि चारचौघांत हशा मिळवायची संधी डेलच्या वाट्याला क्वचित येत असे.

"किंवा रॉस्कोने तुला," तो म्हणाला. "त्याने पकडलेले मासेसुद्धा मेल्यावर दर वर्षी वीतभर वाढायचे."

सगळे खो खो हसले. आयव्हाही हसली, सगळ्यांच्या नंतर. मग रुमालाची घडी घालता घालता तिने हळूच विचारलं, "नक्की ना रे?" आणि डेल म्हणाला, "माझं आयुष्य गेलं यात."

रॉस्को लिंडक्विस्ट हा थापाड्या होता, हे खरंच आहे. पेट्रोल पंपावर काम करायचा, अॅकॉर्डियन वाजवायचा, आणि साधी सर्दी झाली तरी न्यूमोनिया सांगायचा. लग्नाच्या आदल्या आठवड्यात पंपावर सुट्टे म्हणून ही पावली त्याच्या हाती आली, आणि अंगठीच्या पैशांची सोय नव्हती म्हणून त्याने तीच आयव्हाच्या हातावर ठेवली. पुढे व्हिन्सेन्स गावातल्या एका बाईवरून त्याच्याबद्दल बोललं जाऊ लागलं. आयव्हाने त्याला स्वयंपाकघरात समोर बसवून विचारलं. रॉस्को म्हणाला, "मी जगाला शंभर थापा मारतो. तुला दोनच गोष्टी शपथेवर सांगितल्यात. ती पावली खरी आहे, आणि त्या बाईबद्दल बोलतात ते खोटं आहे." त्या एका वाक्यावर तिने उरलेला संसार केला. बेकिंग पावडरच्या डब्यात ठेवलेली ती पावली अधूनमधून काढून बघायची आणि परत ठेवायची.

हे डेलला माहीत होतं का? होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. रॉस्कोनेच तर सांगितलं होतं सगळ्यांना.

तीन आठवड्यांनी, सोमवारी, मोठ्या मशीनच्या पेटीतून डेलच्या हाताला पांढऱ्या कडेची पावली लागली. बत्तीस साल. मागे 'डी', भोवती काळी रेघ. आयव्हा थंडीच्या आधी गोधड्या धुवायला त्या दुकानात यायची, घरच्या मशीनमध्ये त्या मावत नसत. नवऱ्याने दिलेली एकुलती एक वस्तू तिने साबणाच्या पाण्यासाठी मशीनच्या खाचेत घातली होती. डेलला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याने ती खिशात टाकली आणि करारानुसार आपली साधी पावली पिशवीत.

घरी आल्यावर त्याला एक दुष्ट इच्छा झाली. आपलं अक्षर जसं टेबलावर पडलं, तसं रॉस्कोचंही पडलेलं बघावं. त्याने बशीत अॅसिटोन ओतलं, बायका नखांचा रंग काढतात त्यातलंच पण शुद्ध, आणि पावली आत सोडली. डिंक असेल तर विरघळणार. दुसऱ्याच्या नाण्याला त्याने जन्मात असं कधी केलं नव्हतं. पण खोट्या नाण्याची कसली मर्यादा ठेवायची, असं तो मनाशी म्हणाला.

बशीत तपकिरी धागे सुटले. काळी रेघ निघाली. ती डिंक नव्हती, मळ होता. आयव्हाच्या डब्यात येण्याआधी कितीतरी वर्षं माणसांच्या खिशांत साचलेला साधा मळ. अक्षर होतं तिथेच राहिलं. डेलने नाणं चिमट्याने उचलून भिंगाखाली धरलं, मग मोठ्या भिंगाखाली, मग सुईच्या टोकाने चाचपलं. 'डी' नाण्यातूनच उठलेला होता. रॉस्को खरं बोलला होता.

पुढच्या शनिवारी तो इंडियानापोलिसला एका जुन्या व्यापाऱ्याकडे गेला. व्यापाऱ्याने दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाला, "खरी. जरा स्वच्छ आहे, पण खरी. दोनशे डॉलर आत्ता देतो." डेलने पावली परत मागून घेतली.

तिथून परतताना आयव्हाचं घर वाटेतच लागतं. अंगणात दिवा होता. डेलने गाडी हळू केली आणि पुढे काढली. काय सांगणार होता? माझं आयुष्य यात गेलं, आणि मी तुझ्या मेलेल्या नवऱ्याला हशासाठी खोटं पाडलं? घरी जाऊन त्याने निळा अल्बम उघडला आणि पावली त्या रिकाम्या भोकात दाबून बसवली. नुसती बघायला, असं त्याने स्वतःला सांगितलं. ती अगदी चपखल बसली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि त्याला तिकडे धड बघवेना.

ती तशीच राहिली. उद्या नेऊन देऊ म्हणता म्हणता टर्कीचा सण गेला, नाताळ गेला. किराणा दुकानात आयव्हा दिसली तर तो कॉर्नफ्लेक्सच्या मांडणीआड उभा राहायचा, सत्तरीचा माणूस, आणि ती गेल्यावर काहीच न घेता बाहेर पडायचा. क्लबात कुणी नाणं पुढे केलं तर म्हणू लागला, मला नीट दिसत नाही हल्ली. तेही खोटंच होतं. त्याला चोरी केल्याची लाज वाटत होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती ती अजूनही तोंड उघडायला भीत असल्याची. दोनशे डॉलर कुणाचेही फेडता येतात. तळघरातलं ते हसणं पुन्हा एकदा अंगावर घ्यायची त्याची तयारी होत नव्हती.

जानेवारीच्या शेवटी फीड स्टोअरात वेन्डेलने सहज बातमी सांगितली. आमच्याकडे नवराबायकोचा थडग्याचा दगड एकच असतो. एक गेला की दुसऱ्याचंही नाव कोरून ठेवतात, फक्त मरणाचं साल रिकामं. आयव्हाने दगडवाल्याला बोलावून आपलं नाव घासून काढायला सांगितलं होतं. आपल्याला बहिणीशेजारी पुरा, असं तिने भाचीला कळवून टाकलं होतं. वेन्डेल म्हणाला, "कुणास ठाऊक काय झालं म्हातारीला. चाळीस वर्षं त्या व्हिन्सेन्सच्या बाईचं नाव काढलं नाही, आणि आता म्हणते, मला सगळं कळलंय."

डेल मक्याची पोती तिथेच टाकून घरी गेला. अल्बममधून पावली उपसून काढताना त्याचं नख मोडलं.

आयव्हा स्वयंपाकघरात होती. रॉस्कोचा फोटो असायचा तिथल्या खिळ्यावर आता कात्री टांगलेली होती. तिने कॉफी पुढे केली. डेलने टोपी काढली, पावली टेबलावर ठेवली आणि घरापासून घोकत आणलेलं बोलून टाकलं.

"ही रॉस्कोची आहे. खरी आहे. मी चुकलो होतो, आयव्हा. चुकलो म्हणजे नीट बघितलंच नाही."

आयव्हाने चष्मा लावला. नाणं उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. आणि तिचा चेहरा इतका मऊ झाला की डेलला वाटलं, सुटलो.

"डेल, किती भला आहेस रे तू," ती म्हणाली. "पण ही ती नाही."

"तीच आहे."

"त्या अक्षराभोवती काळी रेघ होती. जन्मभर बघितलीय मी ती. तूही दाखवलीस मला, जत्रेत, सगळ्यांसमोर. हिला कुठाय?"

"ती मळाची होती. मी काढली. अॅसिटोनमध्ये बुडवून."

आयव्हा हसली. "तू? नाणं धुतलं म्हणून वेन्डेलच्या बायकोला रडवणारा तू? दुसऱ्या कुणाला सांग हे."

मग डेलने उरलेलं सगळं ओकून टाकलं: मशीनची पेटी, बशी, व्यापारी, अल्बममधलं भोक, कॉर्नफ्लेक्सच्या मांडणीआड उभं राहणं. म्हणाला, मी चार महिने तुझं नाणं चोरून ठेवलं होतं. त्या व्यापाऱ्याला फोन लाव, तो सांगेल खरी आहे म्हणून.

"खरी आहेच रे ती. तुझ्यासारखा माणूस खोटी विकत घेईल का?" आयव्हाने त्याचा हात थोपटला. "पण ती रॉस्कोची आहे हे तो व्यापारी कसं सांगणार? आणि आता माझ्या समाधानासाठी स्वतःला चोरही ठरवायला निघालास. शाळेतही असाच होतास तू. दुसऱ्याने फोडलेली काच आपल्या अंगावर घ्यायचास."

शाळेतली काच डेलने स्वतःच फोडली होती. पण ते सांगायची आता सोयच उरली नव्हती.

"आयव्हा, रॉस्को खोटं बोलला नव्हता तुझ्याशी. निदान हे तरी ऐक. माझ्यावर विश्वास ठेव."

"तुझ्यावरच ठेवलाय," ती म्हणाली. "म्हणून तर."

तिने पावली त्याच्या कोटाच्या खिशात परत घातली आणि खिशाचं बटण लावलं. पर्सिमन पुडिंगचा एक मोठा तुकडा कागदात बांधून हातात दिला. डेल ओसरीवर आला. पायऱ्यांवर बर्फ होता म्हणून कठड्याला धरून सावकाश उतरत होता, एवढ्यात आत तिने फोन लावला. भाचीला. दार नीट लागलं नव्हतं.

"अगं, आपला डेल आला होता," ती सांगत होती. "म्हातारीला बरं वाटावं म्हणून दोनशे डॉलर खर्चून खरं नाणं घेऊन आला. वर माझ्यासाठी खोटं बोलत होता बिचारा, आणि तेसुद्धा धड जमत नव्हतं. माणसं बघ कशी असतात. आणि माझ्या नशिबी कोण आला." थोडा वेळ ती भाचीचं ऐकत राहिली. "नाही गं, आता कशाला बदलू? दगडवाला शुक्रवारी येतोय."